एक तास पुढचं घड्याळ

शांताराम सोनवणे यांचं मनगटावरचं घड्याळ एक तास पुढे असतं. पाच-दहा मिनिटं नव्हे, पुरता एक तास. मार्चात आणि ऑक्टोबरात सगळ्या इंग्लंडची घड्याळं बदलतात, तेव्हा तेही आपलं बदलतात. पण तो तास राखून.

कॉव्हेंट्रीत ते आमच्यापासून चौथ्या घरात राहतात. मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झाले. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. चारच्या वाढदिवसाला भाऊ तीनला हजर. माझी बायको नलू डोक्याला टॉवेल गुंडाळून दार उघडायची, आणि भाऊ निमूट स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला बसायचे. आमची मुलगी वरून ओरडायची, "मम, भाऊकाका आले! म्हणजे अजून वन आवर आहे!"

"भाऊ, घड्याळ नीट लावा की," मी म्हणायचो.

"वेळेवर येणं म्हणजे उशीरच, मोहिते."

मी आकडेमोडीचा माणूस. चारच्या कार्यक्रमाची वेळ मी त्यांना पाच सांगू लागलो. भाऊ बरोबर चारला येऊ लागले. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी हे ओळखून होत्या. हसायच्या, पण बोलायच्या नाहीत.

वहिनी एक्क्याण्णव साली गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालो, तेव्हा नलूनं भाऊंनाही बरोबर घेतलं. त्यांनी एकच विचारलं, "बोट जिनोआला थांबते का?"

थांबत होती. सकाळी आठला लागणार, संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांनी परत चढायचं. मी यादी केली होती: दीपस्तंभ, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथीड्रल, अरुंद गल्ल्या. भाऊ मात्र सव्वाआठला बंदरावरच्या एका जुन्या इमारतीच्या पायरीवर बसले.

"तुम्ही फिरून या. इथं माझं घड्याळ बरोबर आहे."

खरंच होतं. इटली इंग्लंडच्या एक तास पुढे. आम्ही सगळ्यांनी काटे फिरवले होते, भाऊंना हात लावावा लागला नव्हता. मला हसू आलं.

एक वाजता येऊन पाहिलं, तर भाऊ त्याच पायरीवर. मी आणलेला पाव त्यांनी मांडीवर ठेवून दिला. साडेचारला परत आलो, तरी पाव तसाच.

"चला भाऊ. बोट सहाशे दहा पावलांवर आहे, मी मोजलीत."

"सव्वापाचला उठेन."

"पाचला दार बंद होतं!"

ते समुद्राकडे बघत म्हणाले, "चौसष्ट साली सुमन मुंबईहून बोटीनं इथं उतरली. एकटी. मी ट्रेननं न्यायला येत होतो. पॅरिसला गाडी बदलायची होती. हातावर वेळ इंग्लंडचीच. तिकडं एक तास पुढे असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. गाडी चुकली. नऊ तास ती इथं ट्रंकेवर बसून होती. भाषा येत नाही, जवळ माझा पत्ता तेवढा."

"वहिनी काय म्हणाल्या?" नलूनं विचारलं.

"'जेवलात का?' म्हणाली. दशम्या राखून ठेवल्या होत्या माझ्यासाठी. तिनं एकही खाल्ली नव्हती." त्यांनी मांडीवरचा पाव सरळ केला. "पुढे तिनं कधी तो विषय काढला नाही. मीही नाही. किती भ्यायली असशील, एवढं तरी विचारायला हवं होतं. राहून गेलं. म्हटलं, आता आपण नऊ तास बसून बघू."

चार चाळीस झाले. "भाऊ, उठा," मी म्हणालो.

"तिला कुणी उठवायला आलं होतं?"

नलू त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "तुम्हीच आला होतात, भाऊ. उशिरा का होईना, आलात. तसे आता आम्ही आलोय."

भाऊंनी पावाचा कागद उलगडला, त्याचे तीन तुकडे केले, त्यातले दोन आधी आमच्या हातांवर ठेवले आणि मग उठले. आठ तास तेहतीस मिनिटं झाली होती. तो आकडा मी त्यांना सांगितला नाही.

कॉव्हेंट्रीला आल्यावर त्यांचं घड्याळ पुन्हा एक तास पुढे गेलं. मी मात्र आता त्यांना खरी वेळ सांगतो. चार म्हणजे चार. भाऊ तीनला येतात. नलू अडीचलाच आवरून बसते, आणि आम्ही दार उघडं ठेवतो.