दुरुस्त झालेली बंदूक

दंतवैद्य दवाखान्यातून जेवायला घरी आले, तेव्हा त्यांचा मेव्हणा भिंतीवरची बंदूक मांडीवर घेऊन बसला होता आणि तिला फडक्याने पुसत होता.

"भाऊजी, झालं काम," तो म्हणाला. "चाप गच्च अडकला होता. आता बघा, लोण्यासारखा हलतो."

दंतवैद्य बूट न काढताच खुर्चीत बसले. ती बंदूक त्यांच्या वडिलांची. वडील जंगलखात्यात पहारेकरी होते. ते गेल्यावर मुलापुढे दोनच वाटा होत्या, बंदूक सरकारजमा करायची, नाहीतर कायमची निकामी करून घ्यायची. त्यांनी दुसरी धरली. सरकारी कारागिराने नळी बुजवली, आतले भाग एकमेकांना जोडून टाकले, आणि रीतसर दाखला दिला. तेव्हापासून ती बैठकीत टांगलेली होती. दंतवैद्य रोज सकाळी तिच्याकडे बघत आणि मग कामाला जात. वडिलांची एवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती, आणि ती बंद आहे तोवरच त्यांची होती.

मेव्हण्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पंखे, मिक्सर, शिलाई मशीन असलं सगळं दुरुस्त करी. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याला अन्न गोड लागत नसे.

"तुला कुणी सांगितलं होतं?" दंतवैद्यांनी विचारलं.

"कुणी नाही. घरचंच काम आहे, त्यात सांगायचं काय?"

स्वयंपाकघरातून बायको आली. सगळं ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला. आता बंदूक घरात ठेवावी तर विनापरवाना हत्यार बाळगल्याचा गुन्हा, आणि कचेरीत न्यावी तर तेच हत्यार घेऊन भर रस्त्याने हिंडल्याचा. शेवटी दंतवैद्यांनी परवाना कचेरीला फोन लावला. आयुष्यात त्यांनी कधी लाल दिवा ओलांडला नव्हता.

"निकामी बंदुकीबद्दल बोलायचं होतं," ते म्हणाले.

"बंद आहे ना?" पलीकडून कारकुनाने विचारलं.

"सकाळपर्यंत होती."

"मग आता?"

"दुरुस्त झाली."

पलीकडे खुर्ची मागे सरकली. मग आवाज आला, "कुणी हात लावू नका. साहेब येतायत."

बायकोने नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, तुम्हीच केलंत म्हणून सांगा. त्याची लेकरं लहान आहेत."

"मला साधा खिळा ठोकता येत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. कोण विश्वास ठेवील? पण सांगतो."

"मुळीच सांगायचं नाही," मेव्हणा म्हणाला. त्याने ऐकलं होतं. "काम मी केलंय. नाव दुसऱ्याचं कशाला?"

साहेब आले ते दोन शिपाई घेऊनच. जिन्यात शेजारी जमले. साहेबांनी नळीत बॅटरी मारून पाहिलं, चाप दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दंतवैद्य वडिलांच्या फोटोकडे पाहत उभे होते. बंदूक आता जाणार, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

"दुरुस्ती कुणी केली?"

"मी," मेव्हणा पुढे झाला.

"दुरुस्ती नाही झालेली. नळी बुजलेलीच आहे, आतलंही जसंच्या तसं आहे. चाप हलतो, कारण तो आता कशालाच जोडलेला नाही. तुम्ही तो मोडलात."

"म्हणजे चालत नाही?"

"आधी चालत नव्हती, आता तर मुळीच चालणार नाही. ठेवा भिंतीवर खुशाल."

दंतवैद्यांचे डोळे भरून आले. बायकोने सुटकेचा श्वास टाकला. मेव्हणा मात्र जागचा हलला नाही.

"साहेब, एकदा नीट बघा ना," तो हळूच म्हणाला. "थोडी तरी चालत असेल."

"नाही हो."

"मग गुन्हा?"

"कसला गुन्हा? तुमच्या हातून काही झालेलंच नाही."

मेव्हणा मटकन खाली बसला. ताईने वाढलेलं ताट त्याने बाजूला सारलं. दंतवैद्य साहेबांना पोचवायला दारापर्यंत गेले, पण त्यांना राहवेना.

"साहेब, एक विनंती होती," ते दबक्या आवाजात म्हणाले. "जाताजाता त्याला जरा दम द्याल का?"

साहेबांनी आत डोकावून पाहिलं. त्यांनाही एक मेव्हणा असावा. टोपी नीट करून ते परत आत आले.

"हे बघा," ते मेव्हण्यासमोर उभं राहून करड्या आवाजात म्हणाले, "पुन्हा कुठल्या बंदुकीला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे. तुमच्यासारख्या माणसांवर आम्हाला नजर ठेवावी लागते."

"चुकलो, साहेब," मेव्हणा म्हणाला. साहेबांची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत तो मान खाली घालून बसला. मग त्याने ताट पुढे ओढलं आणि ताईकडे आणखी भात मागितला.