डीकन टॉलिव्हर कोचची बाजू मांडतात

"हे लिखाण नाही, हा दिवसाढवळ्या केलेला खून आहे!" असं म्हणून डीकन होझिया टॉलिव्हर यांनी पेपर टेबलावर आपटला. टेबलावर मासे घोळवायला मक्याचं पीठ पसरून ठेवलं होतं. ते उडालं, आणि डीकनच्या आधीच पिकलेल्या भुवया आणखी पांढऱ्या झाल्या.

डीकन ज्या चर्चचे पंच होते, त्या शायलो चर्चच्या स्वयंपाकघरात शनिवारी सकाळी तळण चाललं होतं. दुसऱ्या दिवशी पुरुष मंडळाचा वार्षिक रविवार, आणि पाहुणा कोण, तर टॅलोमा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच डेरोल्ड व्हिटलो! आमच्या टॅलोमात कोचबद्दल लोक काय बोलतात ते सांगून संपायचं नाही. पोरांना मैदानावर पळवतात तसेच वाचनालयातही पळवतात. कुणा खेळाडूची आई आजारी पडली, तर सामन्याच्या आदल्या दिवशीसुद्धा स्वतः गाडी काढतात. अशा माणसाच्या स्वागताचं भाषण मंडळाने डीकनकडे दिलं होतं. भाषण त्यांनी आरशासमोर इतक्यांदा म्हटलं होतं की त्यांची बायको ओडेल झोपेत त्यातली वाक्यं पुरी करायची. स्वागतानंतर जेवणाच्या टेबलावर कोचच्या शेजारची खुर्चीही त्यांचीच होती. डीकनना आयुष्यात याहून मोठं काही नको होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गावच्या पेपरात मिस व्हर्लीन हॅस्क्यू यांनी लिहिलं होतं, की गेला सामना खेळाडूंनी नाही, कोचच्या भित्रेपणाने घालवला. ही व्हर्लीन परकी असती तर एक वेळ चाललं असतं. पण ती याच चर्चच्या गायकवृंदात पुढच्या रांगेत उभी राहून गात होती!

"तिचं कामच आहे ते, डीकन," कढईवर उभे असलेले मंडळातले ब्रदर क्लेबॉर्न म्हणाले. "हरलो त्याला जिंकलो कसं लिहील?"

"हरलो लिही ना! भित्रेपणा काय म्हणून? हा काय न्याय झाला? माणसाचं इतक्या वर्षांचं पुण्य एका सामन्यात वाहून गेलं?"

"मग सांग ना तिला तोंडावर," ओडेल कोबी चिरता चिरता म्हणाली.

"तोंडावर कशाला? सगळ्या गावाला सांगतो!"

शनिवारी सकाळी रेडिओवर 'रॉस्कोचा कट्टा' हा कार्यक्रम असायचा. लोक फोन करून फुटबॉलवर भांडायचे. डीकननी फोन लावला. तिकडून एक मुलगी म्हणाली, "डीकन, तुमच्या आधी बरेच जण आहेत. होल्डवर थांबा. आणि घरचा रेडिओ बारीक करा, नाहीतर आवाज घुमतो."

डीकन शिस्तीचा माणूस. त्यांनी फ्रिजवरचा रेडिओ अगदी बारीक केला. हात पिठाने माखले होते म्हणून फोन अॅप्रनच्या वरच्या खिशात टाकला. आणि मग मासे घोळवता घोळवता, आपण कशाची वाट बघतो आहोत हे ते हळूहळू विसरले. समोर गरम तेल, हाताशी मासे आणि ऐकायला क्लेबॉर्न असल्यावर कुणीही विसरेल.

"पण आपल्या आपल्यात सांगतो, क्लेबॉर्न," डीकन म्हणाले.

डीकनचं 'आपल्या आपल्यात' म्हणजे पार्किंगमध्ये उभ्या माणसाला स्पष्ट ऐकू जाईल एवढं. देवाने त्यांना असा गळा दिला होता की प्रार्थनेला उभे राहिले की माइकवाला माइक बंद करून बसायचा.

"आपल्या आपल्यात सांगतो, ती लाथ मारायला नको होती. एक यार्ड राहिला होता! एक! अंघोळीचा टॉवेल पसरला तर त्याहून लांब जातो. चौथा म्हणजे शेवटचा डाव, आपला गडी रेड्यासारखा तापलेला, चेंडू काखेत मारून नुसतं घुसायचं, आणि कोच काय करतात? चेंडू लाथाडून शत्रूच्या ओंजळीत टाकतात! अरे, एवढं अंतर माझ्या सासूबाई वॉकर घेऊन गेल्या असत्या!"

"माझ्या आईला फुटबॉलमध्ये आणू नकोस," ओडेल म्हणाली.

"आणत नाही. पण गेल्या असत्या! आणि वर ती कोचची टोपी! पावसात भिजलेला बगळा दिसतो. आपल्या संघाचं नाव 'बगळे' आहे म्हणून काय कोचनीही एका पायावर उभं राहून विचारच करत बसायचं?"

"मग व्हर्लीनने तरी वेगळं काय लिहिलंय?" क्लेबॉर्ननी विचारलं.

"वेगळं कसं नाही? घरच्या म्हाताऱ्याला आपण शंभरदा बोलावं, पण शेजाऱ्याने बोललं की काठी काढावी! बरं, माझा नंबर कधी लागतोय? जरा रेडिओ मोठा कर बघू."

क्लेबॉर्ननी रेडिओ मोठा केला. रॉस्कोच्या कट्ट्यावर बोललेलं काही सेकंद मागून ऐकू यायचं, म्हणजे कुणी शिवी दिली तर कापायला वेळ मिळावा. पण डीकनना त्याची कल्पना नव्हती. रेडिओतून एक किरटा आवाज आला:

"...सासूबाई वॉकर घेऊन गेल्या असत्या!... आणि वर ती कोचची टोपी! पावसात भिजलेला बगळा दिसतो..."

माणसाला स्वतःचा चेहरा आरशात तरी दिसतो. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय कुणाला असते? डीकनचे कान लाल झाले.

"कोण हा नतद्रष्ट? आमच्या कोचना बगळा म्हणतो? आणि लाज तर बघा, स्वतःच्या सासूला चव्हाट्यावर आणतो! असला जावई मिळाला म्हणून त्या माउलीने काय नवस केले असतील!"

ओडेलने सुरी खाली ठेवली. क्लेबॉर्ननी झारा कढईवर तसाच धरला. दोघांनाही तो आवाज ओळखू आला होता, पण मध्ये तोंड घालायला जागा मिळेना.

तेवढ्यात रेडिओतून दुसरा संतप्त माणूस कडाडला: "कोण हा नतद्रष्ट? आमच्या कोचना बगळा म्हणतो?..."

"शाब्बास!" डीकननी टाळी वाजवली, आणि पिठाचा ढग उठला. "हा कोण आहे माहीत नाही, पण अगदी माझ्या मनातलं बोलला!"

क्लेबॉर्ननी झाऱ्याने डीकनच्या खिशाकडे खूण केली. खिशात उजेड दिसत होता.

डीकननी फोन काढला. तेव्हाच रेडिओतून "शाब्बास!" आलं, "अगदी माझ्या मनातलं बोलला!" आलं, आणि मागोमाग रॉस्कोचा हसून हसून दमलेला आवाज आला, "मंडळी, पेपरवाले कोचवर अन्याय करतात का, यावर दोन्ही बाजू डीकन टॉलिव्हर यांनी एकट्याने मांडल्या. इतकी निष्पक्ष चर्चा आपल्या कट्ट्यावर आजवर झाली नव्हती!"

दुपारपर्यंत सगळ्या गावाने ते ऐकलं होतं. ज्यांचं राहिलं होतं त्यांना न्हाव्याने नक्कल करून दाखवली. संध्याकाळी मिस व्हर्लीन गाण्याच्या तालमीला आल्या आणि स्वयंपाकघरात डोकावल्या.

"डीकन, मी नुसतं भित्रे म्हटलं होतं. बगळा मला सुचलंच नाही हो."

डीकननी अॅप्रन सोडून खुंटीला लावला. ते तडक पास्टर ब्रॉडनॅक्स यांच्याकडे गेले. "पास्टर, उद्या माझा घसा बसलाय."

"उद्या बसणार आहे ते आजच कळलं?"

"स्वागत दुसऱ्या कुणाला तरी द्या. कोणत्या तोंडाने उभा राहू त्या माणसासमोर?"

"त्याच तोंडाने," पास्टर म्हणाले. "देवाने तुम्हाला दुसरं दिलेलं नाही."

रविवारी चर्च खचाखच भरलं. कोच पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. डीकन एका खांबाच्या आड. आणि पास्टरनी आख्यान लावलं बायबलमधल्या बलामचं. शत्रूच्या राजाने ज्याला शाप द्यायला बोलावलं, वाटेत ज्याचं गाढव माणसासारखं खरं बोललं, आणि देवाने ज्याच्या तोंडून आशीर्वाद वदवले, तो बलाम.

ब्रॉडनॅक्स पास्टरांचं प्रवचन ज्याने ऐकलं नाही, त्याला कसं सांगावं? सुरुवातीला ते नुसतं बोलतात, शेजारी बसून बोलावं तसं. मग एखादा शब्द जरा लांबतो. ऑर्गनवाल्या बाई सावध होतात. शब्दाला सूर चिकटतो, सुराला ऑर्गन उत्तर देतो, आणि बघता बघता बोलण्याचं गाणं होतं. कुठे झालं ते कुणालाच सापडत नाही.

"बलाम निघाला गाढवावर!" पास्टरनी सूर लावला.

"गा, पास्टर, गा!"

"शाप द्यायला उघडलं तोंड, देवा, आशीर्वाद आला!"

"आला! आला!"

"आणि कुणी आशीर्वाद द्यायला उघडलं तोंड..." इथे पास्टर थांबले, घाम पुसला, खांबाकडे पाहिलं. चर्चमध्ये हसण्याची एक लाट फिरली. "...आणि भलतंच आलं! तरी घाबरू नको रे! ज्याने गाढवाच्या मुखी सत्य घातलं, तो तुझंही बोलणं सार्थकी लावील!"

लोक उभे राहिले. हातातले पंखे हलायला लागले, टाळ्या तालात पडू लागल्या. मिस व्हर्लीनच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि खांबाआड डीकन, स्वतःचं गाढव झालेलं विसरून, सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणत होते. चांगल्या गायलेल्या प्रवचनापुढे अब्रू बिब्रू कोण धरून बसतो?

प्रवचनानंतर स्वागत. डीकन उभे राहिले. आरशासमोर घोटलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"कोच," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माइक लागला. "काल मी काय बोललो ते तुमच्या कानावर गेलं असेल."

"गेलं," कोच उठून म्हणाले. "मीसुद्धा होल्डवरच होतो, डीकन."

मागच्या रांगांतल्या माना उंचावल्या.

"गाडी रस्त्याच्या कडेला लावून फोन धरून बसलो होतो. तुमच्यानंतर माझा नंबर होता. पण तुम्ही दोघं भांडायला लागलात," कोच हसले, "आणि कार्यक्रमाची वेळच संपली."

"तुम्ही काय सांगणार होता, सर?"

"हेच, की सिस्टर व्हर्लीननी लिहिलं त्यात काही अन्याय नाही. एका यार्डाला मी घाबरलो. पोरं रडत होती, त्यांना मी म्हटलं, चूक माझी आहे. मग गावालाही सांगायला नको? पण तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगितलंत."

मिस व्हर्लीननी गायकवृंदातून मान खाली घातली. डीकननी कोचचा हात दोन्ही हातांत धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

जेवणाला खुर्ची शेजारीच मिळाली. कोचनी माशावर तिखट सॉस घेतला आणि अदबीने विचारलं, "सासूबाई कशा आहेत?"

"वॉकर घेऊन चांगल्या चालतात," ओडेलने परस्पर उत्तर दिलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा तोच प्रसंग आला. चौथा डाव, राहिला एक यार्ड. कोचनी लाथ मारली नाही. बगळे छाती काढून घुसले आणि अर्ध्या यार्डावर आडवे झाले. सामना हातचा गेला.

सोमवारी पेपरात मिस व्हर्लीननी लिहिलं: हरलो, पण असा शूर कोच आपल्याला लाभला हे आपलं भाग्य.

डीकननी ते दोनदा वाचलं आणि पेपर आपटला.

"शूर? अरे, साधी लाथ मारायची होती! आणि या बाईला झालंय काय? पेपरवाल्यांनी नुसती आरतीच ओवाळायची का? कान धरायचे कुणी? हा काय न्याय झाला?"

शनिवारची सकाळ होताच त्यांनी रॉस्कोला फोन लावला. ओडेल दारात येऊन उभी राहिली. मुलगी म्हणाली, होल्डवर थांबा. डीकन थांबले. एका हाताने त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला, आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड.