मुकादमचाचांचे उकडलेले बटाटे

वर्षातून दोनदा मुकादमचाचा आमच्या बिल्डिंगमधलं घड्याळ बदलून टाकत. मार्चअखेरचा एखादा रविवार, दुपारचे चार, मी चादर तोंडावर ओढून गाढ झोपलेला, आणि दारावर थापा. "उठा मास्तर! तिकडं काटा फिरवलाय. आजपासून जेवण चारला." पुढे थंडीच्या तोंडावर पुन्हा तशाच थापा. "आजपासून पाचला बरं का." तिकडं म्हणजे जर्मनीत, हॅम्बुर्गला; तिथे उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळं तासभर पुढे-मागे करतात. हॅम्बुर्गमध्ये दुपारचे साडेबारा कधी वाजतात याची खबर ठेवणारा उभ्या जुईनगरात हा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या समोरच्या दारात राहायला आला होता.

चाचा मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावचे. तीस वर्षं बोटीवर खानसामा होते. अंगाने किरकोळ, आवाज मात्र इंजिनरूमपर्यंत पोचेल असा. निवृत्त होऊन, नव्वद सालाच्या आसपास, चाची आणि ते जुईनगरात आले. तेव्हा इथे माणसं कमी आणि रिकाम्या इमारतीच जास्त होत्या. दोन वर्षांत चाची गेल्या. एकुलता एक मुलगा इम्तियाज बोटीवर इंजिनीयर होता, तो हॅम्बुर्गला उतरला आणि तिथलाच झाला. त्याने तिथल्या मुलीशी लग्न केलं. तिचं नाव हायके.

या नावाने सगळ्या जुईनगराची करमणूक केली. स्टेशनसमोरच्या फोन बूथवर चाचा महिन्यातून एकदा जात आणि काच हादरेल असं ओरडत, "हॅलो! हायके हाय काय? हायके!" बूथवाल्याला पहिले काही महिने वाटत होतं, की चाचा पलीकडच्या माणसाला नुसतंच 'आहे का, आहे का' विचारतात. एकदा न राहवून तो म्हणाला, "चाचा, कोण हाय का ते तरी सांगा त्यांना."

चाचांचं एक पेटंट वाक्य होतं, "आपल्या बाजूचं खा." त्यांच्या घरी पूर्वी एका मोठ्या थाळ्याभोवती चौघंजण बसून जेवत. त्यातला नियम एकच. ज्याने त्याने आपल्या समोरचं खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. थाळ्यातला हा कायदा चाचांनी पुढे सगळ्या जगाला लावला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी दुसऱ्या विंगच्या पाण्याबद्दल बोलायला लागला की मागून आवाज येई, "आपल्या बाजूचं खा!" माझ्या घरात सासू-सुनेचं काही वाजलं आणि मी मध्ये पडलो, तर समोरच्या दारातून सल्ला येई, "मास्तर, आपल्या बाजूचं खा." हा सल्ला मी ऐकला असता तर माझे पुष्कळ रविवार वाचले असते.

कारण रविवारी आम्हाला त्यांच्याकडे जेवण असे. दर रविवारी, ठरल्या वेळी. पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा मी आणि माझी बायको सुमन सकाळपासून उपाशी राहिलो होतो. बोटीवरचा खानसामा, त्यातून कोकणातला! चाचांच्या हातच्या मच्छीच्या सालनाबद्दल बरंच ऐकलं होतं. नारळाच्या रसातलं, आमसुलाचं, लालभडक. प्रत्यक्षात थाळ्यात आलं ते असं: चार उकडलेले बटाटे, उकडलेली गाजरं, मसाल्याचं नावही न ऐकलेली भाजकी कोंबडी आणि तिच्यावर तपकिरी रंगाचा एक रस्सा. त्याची चव मी आजतागायत शोधतो आहे.

"कसं हाय?" चाचांनी विचारलं.

"पचायला हलकं आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारीही तेच. सुमन पिशवीतून ठेच्याची डबी नेऊ लागली. एकदा पकडली गेली. "सुमनबाय, पिशवीत काय हाय?" चाचांनी ती डबी काढून खिडकीत ठेवली आणि जेवण होईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत बटाटे गिळत राहिलो. मला राग येई तो याचा, की आठवड्याचे बाकीचे सहा दिवस त्यांच्या खिडकीतून खमंग वास येत. म्हणजे माणसाला येत सगळं होतं. रविवार आला की मात्र हातातली सगळी कला गुंडाळून ठेवत.

शेवटी एकदा मी बोललोच. "चाचा, तुम्हाला तरी आवडतं का हो हे?"

"थूः!" चाचा म्हणाले. "आजाऱ्याचं जेवण! तीस वर्षं साहेब लोकांना हेच घातलं, आणि वाढून झालं की खाली जाऊन आपलं सालन-भात खाल्ला. याचा एक घास पोटात नेला नाय."

"मग आता का?"

चाचांनी उशीखालून एक पत्र काढलं. घड्यांवर फाटत आलेलं, इम्तियाजचं, मराठीतलं. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, की रविवारी आम्ही बरोबर साडेबाराला जेवतो. बटाटे, गाजर, भाजलेली कोंबडी, वर रस्सा.

"नूर सहा वर्षांची झाली," चाचा म्हणाले. नूर म्हणजे त्यांची नात. "एकदाच आणलीन होती इकडं, दहा महिन्यांची असताना. दूधपिती. माझ्या मांडीवर मुतली, पण माझ्या थाळ्यात हात घातला नाय तिनं. तिच्यासंगती मी अजून एक घास खाल्लेला नाय, मास्तर. ते लोक दरसाल बोलतात, पुढच्या उन्हाळ्यात येतो. आता बघा, ती तिकडं साडेबाराला बटाटा खाते. मी इकडं त्याच टायमाला तोच बटाटा खाल्ला, तर थाळा एकच झाला की नाय? मधे पानी हाय, एवढंच."

"मग तुम्हीच जा ना तिकडे."

"पाहुना म्हणून? पाहुन्याला वेगळी प्लेट देतात."

त्यानंतर सुमनने ठेच्याची डबी घरी ठेवायला सुरुवात केली. बटाट्यांची चव तीच राहिली, पण आमची तक्रार संपली. एकदा मी चोरून बघितलं. चाचा बटाट्याचा घास तोंडात घालून डोळे मिटत आणि औषध घ्यावं तसा गिळत. मग डोळे उघडून थाळ्याच्या समोरच्या रिकाम्या बाजूकडे बघत. आम्ही दोघं डाव्या-उजव्या बाजूंना बसायचो. ती समोरची बाजू त्यांनी आम्हाला कधी दिली नाही.

अशीच दोन-अडीच वर्षं बटाटे खाल्ले. मग एका बुधवारी संध्याकाळी चाचा निळा लिफाफा घेऊन आमच्याकडे आले. पत्र इम्तियाजचं नव्हतं, हायकेचं होतं. पहिल्यांदाच. चाचा बोटीवरचं इंग्रजी फाडफाड बोलत, पण हाताने लिहिलेलं त्यांना वाचता येत नसे. "वाचा मास्तर. काय झालं असंल?" मी घाईघाईने आधी मनात वाचून घेतलं आणि सगळे बरे आहेत असं सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत टेकले.

मग मी मराठी करून वाचू लागलो. "प्रिय बाबा, या पत्राबद्दल इम्तियाजला सांगू नका. तो म्हणतो, बाबांना विचारू नकोस, ते हसतील. पण मला विचारायचं आहे. दोन वर्षं झाली, दर रविवारी दुपारी आम्ही तुमचं सालन आणि भात करतो..."

"काय?" चाचा उभे राहिले.

"...नूरला तिच्या आजोबांचं जेवण हवं असतं. पण ते मला जमत नाही. इम्तियाज एक घास खातो आणि गप्प होतो. इथे आमसूल मिळत नाही, म्हणून मी व्हिनेगर घालते..."

"व्हिनेगर!" चाचा ओरडले. "मच्छीत व्हिनेगर! या अल्ला!"

"...नारळाचा रस डब्यातला, मासा बर्फातला. तरी आम्ही सगळं संपवतो. आमच्याकडे थाळा नाही, म्हणून केक भाजायचा मोठा ट्रे जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती बसतो, हाताने खातो. नूर फार कडक आहे. आमचा हात जरा इकडेतिकडे गेला की ओरडते..." पुढचं मला लागेना. मी अक्षरं जुळवत वाचलं, "आप्लजा बाड्शुच खा. चाचा, हे काहीतरी जर्मन दिसतंय."

चाचा माझ्या खांद्याशी वाकले. मग हळूच म्हणाले, "परत वाचा."

"आप्लजा बाड्शुच खा."

"परत."

तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं. हायकेने कानाला ऐकू आलं तसं, रोमन अक्षरांत, जर्मन पद्धतीने लिहून काढलं होतं. सुमन ओट्याजवळून बाहेर आली आणि पदराने डोळे पुसू लागली. चाचांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, ती ओळ बोटाने चाचपडली आणि ते आपल्या घरी गेले.

पुढचा रविवार पाचचा होता. आम्ही दोघं पुन्हा एकदा सकाळपासून उपाशी. आता बटाटे संपले, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. जिन्यातच मच्छीचा वास आला. थाळ्यात भाताचा डोंगर, त्यावर सालन. मी मोठा घास घेतला आणि तसाच थांबलो. आंबट होतं, पण भलत्याच ठिकाणी आंबट. रस फुटलेला. मासा रबरासारखा. सुमनने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. बटाट्यांची आठवण यावी असं ते सालन होतं.

"चाचा," मी जपून म्हटलं, "आमसुलं संपली का? आमच्याकडे आहेत. आणू?"

"डबा भरलेला हाय," चाचा म्हणाले.

"मग?"

"तिच्याकडं नाय ना."

ते जेवत होते. डोळे मिटत नव्हते. एकेक घास चावून, चव घेत, समोरच्या रिकाम्या बाजूकडे बघत खात होते, आणि थाळ्यातली आपली बाजू त्यांनी पुसून घेतली.

"कसं करायचं ते लिहून पाठवलंत का तिला?" सुमनने विचारलं.

"बिल्डिंगमधल्या तिघा पोरांकडून तीनदा इंग्रजीत लिहून घेतलं. संगती दोन किलो आमसुलं. शुक्रवारी पार्सल पोस्टात टाकलं." चाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ओंजळीने माझ्यापुढे आणखी भात सारला. "पोचायला पंधरा-वीस दिवस लागतील, मास्तर. तोवर व्हिनेगरच खायाचं."