जेरोमसाठी घेतलेली रायफल

माझा नेम आजवर कुणालाही मोडता आलेला नाही! सकाळची जपमाळ पुरी होईस्तोवर प्रार्थनेखेरीज एक शब्द काढायचा नाही. हे गेल्यापासून, सहा वर्षं! एकदा अस्वल व्हरांड्यात येऊन पाखरांचे दाणे फस्त करून गेलं, तरी मी मणी सोडला नाही. आणि नेमाचं कुणाला सांगायचंही नाही. बोभाटा केलेला नेम देवाला पोचत नाही.

यंदा मात्र गाठ रायफलशी होती. ह्यांची जुनी रायफल मी भाबडेपणाने चर्चच्या सोडतीला बक्षीस म्हणून देऊन टाकली. तेव्हापासून हरणांच्या शिकारीचा हंगाम आला की आमचा जेरोम ॲरिझोनाहून फोनवर म्हणतो, "रायफलच नाही, तर येऊन करू काय, आई?" दर नोव्हेंबरात मी त्याच्या खोलीत नवी चादर घालते आणि डिसेंबरात तशीच्या तशी घडी करून ठेवते. म्हणून यंदा नवी कोरी, बोल्टची रायफल घेतली. "बघतो. गुरुवारी सांगतो," म्हणाला.

गुरुवारी सकाळी मी खिडकीशी जप करत बसले होते, बोटं ॲप्रनच्या खिशातल्या माळेवर. तोच फ्लोरियन भाऊजी, माझे धाकटे दीर, रायफल तपासायला हजर!

"काय वहिनी, कॉफी आहे ना? गप्पशा? बरं, असू दे!"

त्यांनी टेबलावर रायफल आडवी केली. काडतूस नाही ना, दोनदा पाहिलं. मागची सरकती खिटी, तो बोल्ट, बाहेर काढला आणि मागून नळीला डोळा लावून उजेडाकडे बघितलं.

"बाप रे! कारखान्याचं तेल नुसतं थबथबलंय! आणि चिंध्या मी घरी विसरलो... अरे वा, तुम्ही काढूनच ठेवल्यात!"

चिंध्या? चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी पवित्र प्याला पुसायचे रुमाल ते! मी स्वतः धुऊन, इस्त्री करून ठेवलेले!

मी मान हलवली.

"एवढे नकोत? दोनच घेतो."

मी हात जोडले.

"आभार कसले वहिनी, घरचंच काम!"

आणि कात्री चालली कचाकच! नळी साफ करायच्या गजाला लावलेला तुकडा नळीत पांढराशुभ्र शिरला आणि बोक्याच्या शेपटीसारखा काळा होऊन बाहेर आला!

बोलायची बंदी, पण प्रार्थना मोठ्याने म्हणायला कुणाची बंदी? रायफलकडे बोट रोखून मी जपातलीच ओळ गरजले, "आम्हा पाप्यांसाठी विनवणी कर! आता आणि आमच्या मरणाच्या घटकेला!"

भाऊजींच्या हातून गज गळून पडला. "वहिनी... बरं वाटत नाहीये का?"

तेवढ्यात फोन! जेरोम! माझे तीन मणी उरलेले. भाऊजींनीच उचलला.

"येतोस की नाही ते मरू दे रे! तुझ्या आईला काहीतरी झालंय! बोलत नाही, चेहरा टोमॅटोसारखा लाल, रायफलकडे बोट करते आणि मरणाचं काहीतरी म्हणते!... हो, हो, देतो!"

त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"आई! आई, ऐकतेस ना? आई, मी निघालोच!"

शुक्रवारी दुपारी पोरगा दारात! अंगात ॲरिझोनातलं पातळसं जाकीट, डोळे सुजलेले. मला इतकं घट्ट धरलं की बरगड्या मोजून झाल्या! शेवटी नेमाचं सांगावंच लागलं, तेव्हा आधी चिडला, मग हसत सुटला. शनिवारी हंगाम सुरू झाला. सारं गाव रानात, आणि आमचा जेरोम माझ्यासमोर सूप भुरकत बसलेला. रायफलला त्याने बोटसुद्धा लावलं नाही.

फादरजवळ रुमालांची कबुली दिली. त्यांनी हसून क्षमा केली. एक गोष्ट मात्र त्यांनाही सांगितलेली नाही. रिसीव्हर कानाला लागला, तेव्हा माझा शेवटचा मणी सरला होता. आमेनसुद्धा झालं होतं! "मी बरी आहे रे," एवढंच म्हणायचं होतं. पण तो एकसारखा "आई, आई" करत होता हो. म्हटलं, अजून थोडं ऐकू दे!