गिटारवाल्याची खरी आठवण

शोकसभा पाचला होती आणि दुपारचा एक वाजला तरी प्रसिद्धीकाकांना एकही खरी आठवण सापडली नव्हती.

काकांनी रेकॉर्ड कंपनीत एकतीस वर्षं प्रसिद्धीचं काम केलं. कंपनीचा एकुलता एक गाजलेला रॉक बँड त्यांनीच पेपरात पोचवला होता. त्या बँडचा गिटारवाला गेल्या आठवड्यात गेला आणि सकाळीच त्याच्या मुलीचा फोन आला.

"काका, सभेत तुम्ही बोला. पण एकच करा, बाबांची एक खरी गोष्ट सांगा. मी पाच वर्षांची असताना आईबाबा वेगळे झाले. मला बाबा माहीत आहेत ते पेपरातून. आणि पेपरात काय यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे."

ते काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते लिहून पाठवणारे तेच होते.

"भर कार्यक्रमात त्याने गिटार आपटून फोडली, ती सांगतो," जेवताना काका काकूंना म्हणाले.

"ती तुम्ही फोडायला लावलीत. आधीच मोडकी आणली होतीत. माझ्याकडून सुतळीने बांधून घेतलीत."

"मग हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून त्याने तलावात उडी मारली, ती?"

"त्याला पोहता येत नव्हतं. आणि तिथे तलावही नव्हता."

काकांचा घास हातातच राहिला. ती उडी आपण या डोळ्यांनी पाहिली, अशी त्यांची कित्येक वर्षांची समजूत होती. थापा मारणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं म्हणतात. काकांकडे तेवढंही उरलं नव्हतं. तीस वर्षांचा दोस्त गेला होता आणि त्याच्याबद्दल सांगायला आपल्याजवळ काही नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

सभेत आधी गायक उठला. "आमचा कार्यक्रम कधी वेळेवर सुरू झाला नाही. का? तर आमचे राजे पिऊन आत पडलेले. मी स्वतः खांद्यावर टाकून आणायचो त्याला."

"आणि डोक्यावर बादली मी ओतायचो," ड्रमवाला डोळे पुसत म्हणाला.

दोघंही मनापासून रडत होते. पहिल्या रांगेत मुलगी मान खाली घालून बसली होती.

काका चपापले. ही बातमी त्यांचीच. गिटारवाल्याला पित्ताचा त्रास होता, तो थेंबही घेत नसे. पेपरवाले आले की त्याच्या हातातल्या बाटलीत काकूंनी केलेला कोरा चहा असायचा. मग रोज उशीर कशाने व्हायचा? काकांना एकदम सगळं आठवलं, आणि त्यांना आपलीच लाज वाटली.

"तो पीत नव्हता," माइक हातात घेऊन, मुलीकडे बघत ते म्हणाले. "तो त्या वेळी रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये असायचा. गिटार घेऊन. गिटारीमुळे दार लागायचं नाही, म्हणून मी बाहेरून धरून उभा राहायचो. हिची आई कामावर असायची. आजी रिसीव्हर हिच्या कानाशी धरायची आणि हा इकडून वाजवायचा. ही झोपली असं आजी सांगेपर्यंत. रोज वीस मिनिटं. हिचे दात येत होते तेव्हा एकदा सव्वा तास. मीच त्याला म्हटलं, पोरीला झोपवणारा रॉकवाला कोण विकत घेईल? आपण सांगू, पिऊन पडलाय. तो म्हणाला, सांगा काय ते, पण जरा हळू बोला, ती आत्ताच झोपली."

मागून कुणीतरी म्हणालं, "काकांचा हात अजून चालतोय हं!" आणि हशा पिकला.

"शपथेवर सांगतो," काका म्हणाले. हसू दुप्पट झालं, कारण त्यांची प्रत्येक थाप याच शब्दांनी संपायची. गायकाने त्यांना मिठी मारली. "काय रचतोस रे! मी तिथे होतो म्हणून, नाहीतर मीही फसलो असतो."

दाराशी मुलगी भेटली. ती रागावली नव्हती. "छान होती, काका. पण मी खरी मागितली होती."

आजी गेली, गिटारवाला गेला. बूथमधला एकच फोटो होता, तो पेपरवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून काकांनीच फाडला होता. माळ्यावर कात्रणांचे अकरा गठ्ठे होते, पण त्यांत ही गोष्ट कुठेच नव्हती. काम त्यांनी चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"काका, बाबांची खोली आवरतेय. ती बूथची गोष्ट..."

"खरी आहे गं."

"नसली तरी चालेल. परत एकदा सांगाल?"

काका खुर्ची ओढून बसले. दार, गिटार, आजी, सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. मग ते अडखळले.

"काल सभेत सव्वा तास म्हणालो ना, ते चुकलं, पोरी. पाऊण तास होता."

काकांच्या थापेतला आकडा आजवर कधी कमी झाला नव्हता.

"पाऊण?" तिने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"पाऊणच," काका म्हणाले. "मग तू झोपलीस."