साडेचारशे किलोचा स्लॅब

बोईसरच्या कारखान्यात दिवसभर टाक्यांचे नकाशे तपासून शैलेश घरी आला, तर जेवणाच्या टेबलावर आणखी एक नकाशा पसरलेला होता. सासऱ्यांच्या घराचा.

"बाबा विचारतायत, स्लॅबला लोखंड किती लागेल," त्याची बायको चारुता म्हणाली. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मिक्सर मिळालाय. तो चुकला तर पावसाळ्यानंतरच."

घिवलीचं जुनं कौलारू घर उतरवून सासरे, धर्माजी, नवं बांधत होते. तीन महिने ते आणि सासूबाई सुलूमामी चिकूच्या वाडीतल्या पत्र्याच्या खोपीत राहत होते. पावसाच्या आत त्यांच्या डोक्यावर स्लॅब पडणं गरजेचं होतं; म्हणजे चांगल्या अर्थाने पडणं.

शैलेशने कॅल्क्युलेटर ओढला. तीस बाय वीस फुटांचा स्लॅब. बीमचं लोखंड आधीच आलेलं. आडव्या सळ्या किती, उभ्या किती, टोकांचे वाक, जोड, सगळं धरून वजन आलं चारशे किलो. कापताना तुकडे वाया जातात, म्हणून त्याने वर पन्नास टाकले. साडेचारशे असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि तो खुर्चीतच झोपला.

रविवारी तो घिवलीला पोचला, तेव्हा अंगणात स्कूटर लावायला जागा नव्हती. ओट्यापासून विहिरीपर्यंत लोखंडच लोखंड. धर्माजी मधोमध उभे राहून ढिगाकडे बघत होते.

"या जावईबापू," ते म्हणाले. "तिकडं तुमच्या प्लांटला पण एवढं लोखंड लागलं नसंल."

"मामा, हे किती आहे?"

"साडेसातशे किलो. तुमीच सांगितलं ना!"

"मी साडेचारशे सांगितलं होतं."

मग चारुताने पदराशी चाळा करत कबूल केलं, "मी फोनवर पाचशे सांगितलं. कमी पडलं तर तुझंच नाव खराब झालं असतं."

"पाचशे आयकलं आन् मी यांना सायशे म्हनलं," सुलूमामी म्हणाल्या. "लेकीच्या सासरचा मानूस भीड धरून कमीच सांगनार."

"सायशे मी मंगळ्याला सांगितलं," धर्माजी म्हणाले.

सळ्या कापून बांधणारा मंगळ्या फिटर ढिगावरच बसून तंबाखू मळत होता. तो शांतपणे म्हणाला, "मालक लोक नेमी कमी सांगतात साहेब. आमी आपलं सातशे लिवलं. दुकानवाला बोलला, बंडल फोडत नाय. म्हनून साडेसातशे."

शैलेशला ओरडायचं होतं. पण आठवडाभराची शिफ्ट अंगात होती, आणि ओरडायला उभं राहावं लागलं असतं. तो सिमेंटच्या गोणीवर बसला. "उरलेलं परत पाठवा."

"उतरवलेला माल परत घेत नाय तो. आन् हितं ठेवला तर खाऱ्या वाऱ्यानं वर्षात भुगा व्हईल," धर्माजी म्हणाले. "तुमी चिंता नको करू. मी बघतो."

धर्माजींनी काय बघितलं, ते शैलेशला बुधवारी संध्याकाळी कळलं. शिफ्ट संपवून तो थेट घिवलीला गेला. शिडी चढून वर पाहिलं, तर मंगळ्याने सळ्या इतक्या जवळजवळ बांधल्या होत्या, एकीवर एक, की खालची फळी दिसत नव्हती.

"सगळं घरातच घातलं," धर्माजी अभिमानाने म्हणाले. "लोखंड जास्त म्हंजे मजबुती जास्त!"

शैलेशने खाली जाऊन मूठभर खडी आणली आणि जाळीवर टाकली. सगळी खडी वरच राहिली. एकच बारीक खडा घरंगळत जाऊन अडकला.

"मामा, काँक्रीट खाली उतरणारच नाही. हा स्लॅब नाही, चाळण आहे."

धर्माजींनी खाली वाकून त्या खड्याला बोटाने ढकलून पाहिलं. तो हलला नाही. "सोड रे मंगळ्या," ते हळू आवाजात म्हणाले.

"दोन दिवस बांदाया लागले साहेब," मंगळ्या म्हणाला. "सोडाया पन दोन लागतील." आणि खांद्यावरचा रुमाल झटकून तो पुन्हा वर चढला.

उरलेल्या तीनशे किलोंचा प्रश्न शिल्लकच होता. तो चहाबरोबर निघाला. धर्माजी म्हणाले, ओट्यावर सावली होईल, स्लॅब पुढे तीन फूट काढू. शैलेश हो म्हणाला. नाही म्हणायला कारणं द्यावी लागली असती. त्याने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून काढून दिलं, की पुढे निघणाऱ्या भागाच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला हव्यात आणि मागे आतपर्यंत गेल्या पाहिजेत. तरी दीडशे किलो उरलं. मग चारुता म्हणाली, गच्चीवर मिरच्या वाळवायला जायचं तर जिना हवाच. शैलेशने त्याचाही कागद काढून दिला. तरी थोडं उरलं. मग सुलूमामी म्हणाल्या, पाऊस आला तर जिना भिजेल, त्यावर एक लहानसं छत टाका.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, मंगळ्या आणखी दोन माणसं घेऊन रात्रीपर्यंत सळ्या सोडत-बांधत होता; शैलेश रोज कारखान्यातून सुटून घिवलीला जायचा आणि घरी पोचल्यावर बूट न काढता झोपायचा.

रविवारी सकाळी मिक्सर आला. फटफट आवाज सुरू झाला. माल ओतणारी माणसं रांगेत उभी राहिली. शैलेशने शेवटची जाळी तपासली, सळ्यांमधली अंतरं मोजली, सळ्या फळीपासून उचलून धरणारे खालचे ठोकळे बघितले. सगळं ठीक होतं. मंगळ्या अंगणात फिरून आला आणि दोन्ही हात रिकामे दाखवत म्हणाला, "साहेब, येक सळई उरली नाय. तुकडा पन नाय."

धर्माजींनी अंगण बघितलं, मग वर बघितलं, आणि शेजारपाजारच्या लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "याला म्हनतात हिशोब! येक सळई जास्त नाय, येक सळई कमी नाय!"

"मामा, माझा हिशोब साडेचारशेचा होता."

पण मिक्सरच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. चारुताला गेलं असावं. ती दुसरीकडे बघून हसत होती.

संध्याकाळी स्लॅब पूर्ण झाला. सुलूमामींनी सगळ्यांना जेवायला वाढलं. शैलेश मंगळ्याशेजारी पंगतीत बसला होता. तेवढ्यात जिन्याकडे बघत सुलूमामी चारुताला म्हणाल्या, "जिना चांगला झाला गो. पन मला या गुडग्यांनी चढवनार कोन? तुला हवा म्हनून मी हो म्हनली."

"मला? मला वाटलं तुलाच हवाय."

दोघींनी धर्माजींकडे बघितलं. "मी तर जावईबापूंनी कागद काढला म्हनून गप बसलो," ते म्हणाले. "इंजिनेर मानूस, काय तरी इचार असंल."

शैलेशने भाताचा घास तसाच हातात धरला. मंगळ्याने मान खाली घालून आमटी ओरपली.

पुढच्या मंगळवारी एडवणहून एक फोन आला. कोणी नरहरी होते, धर्माजींचे लांबचे पाहुणे.

"जावईबापू, तुमचं नाव आयकलं. येक सळई उरली नाय म्हने! माझा पन स्लॅब हाय जूनच्या आत. लोखंड किती लागंल, तेवडं सांगा."

शैलेशने डोळे मिटून घेतले. चारुता समोरून खुणेने विचारत होती, कोण आहे.

"सांगतो," तो म्हणाला. "पण काका, आधी घरातल्या सगळ्यांना एका जागी बसवा. आणि फोन स्पीकरवर टाका."