वॉल्टरचा वाजणारा मनोरा

कुठलंही भांडं हाती आलं की वॉल्टर आधी त्याला टिचकी मारायचा, मग कान लावायचा आणि डोळे विस्फारून ओरडायचा, "हे बोलतंय!"

दोन हजार चार साली सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये, दहाव्या मजल्यावर, हा साठीचा अमेरिकन शिल्पकार शेजारी राहायला आला. एकटाच. संगमरवर, ब्राँझ त्याला वर्ज्य. "ते मुकं असतं!" त्याचं शिल्प म्हणजे टाकाऊ भांड्यांचा मनोरा, वारा आला की वाजणारा. कॉरिडॉरमध्येच उभारत होता. रोज सकाळी कुणाची तरी बेल दाबायची आणि विचारायचं, "जुनं भांडं आहे?" मलाय आजींनी किटली दिली, चिनी काकांनी कढई. माझ्या बायकोने, नीताने, मोडक्या दांड्याचं पुरणयंत्र दिलं तेव्हा तर गडी चक्क नाचला. "मनोरा याचीच वाट बघत होता!"

"अंकल सो क्रेझी लाह!" आमची लेक टाळ्या पिटत म्हणाली.

मनोरा छताला टेकला. सगळा मजला खूश, मी सोडून. मला तो खणखणाट सोसवेना. समोर जाऊन सांगायचं, तर मी पडलो मुखदुर्बळ. इमारतींची देखभाल बघणाऱ्या टाउन कौन्सिलला फोन केला, नाव न सांगता : कॉरिडॉर अडलाय.

नियम तो नियम. चार दिवसांत माणसं आली आणि मनोरा सुटा करून ट्रॉलीवरून घेऊन गेली.

वॉल्टर चिडला नाही. घरोघर फिरला. "कुणी अडखळलं का? कुणाला लागलं? मला माफी मागायचीय."

"मला कल्पना नाही," मी म्हणालो.

दार लागल्यावर, तो फोन ऐकलेली नीता कडाडली, "फोनवर बरी वाचा फुटली होती तुम्हाला! अहो, भांडं मागायला आला नाही, तर त्याच्याशी बोलतं कोण इथे?"

त्यानंतर बेल वाजेनाशी झाली. कुणाचीच.

आठव्या दिवशी आमटीचं रोजचं पातेलं घेतलं आणि त्याची बेल मी दाबली. त्याने टिचकी मारली, कान लावला. ओरडला मात्र नाही.

"तो फोन मी केला होता," मी म्हणालो.

त्याने पातेलं कानापासून खाली घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे कुणी पडलं नाही ना?"

"नाही."

"मग आत ये! हे टांगायचंय, तार धरायला माणूस हवाय."

घरात खुर्ची एकच होती. ती त्याने मला दिली आणि पातेलं मांडीवर घेऊन स्वतः फरशीवर बसला.